शिक्क्याचा निरोप

७ नोव्हेंबर २०११, सोमवार

नलूने आज साबणाच्या डबीएवढी एक पेटी माझ्यापुढे ठेवली. "आजी, सोल्डरिंग कच्चं आहे का गं? बघ ना."

बघितलं. कच्चं कसलं — कोंबडी चालून गेल्यासारखं! सगळं उकलून परत केलं. चष्म्यातून एका तारेच्या दोन तारा दिसतात हल्ली. पण हात अजून विसरलेला नाही. मिलमध्ये वाइंडिंग खात्यात सुताचं तुटलेलं टोक शोधायची सवय लागली होती. ब्याऐंशीच्या गिरणी संपात घर चालवायला गिरगावात हेरंब म्हणून एकाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसले, तिथे तारेचं टोक शोधायला लागले. शिकवलं कोणी नाही. बघून बघून आलं.

नलू म्हणजे माझ्या मालनची लेक. बाप लहू दर्यावर, आई मासळी निवडते, आणि ही इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून बस पकडून लालबागेत माझ्याकडे येते, कारण तिच्या घरात पेटी उघडून बसायला जागा नाही. माझ्याकडे तरी कुठे आहे! पण गॅलरीतलं टेबल आहे.

पेटीचं काम ऐकलं आणि हरखले. बोटी लांब गेल्या की मोबाईल लागत नाही. वायरलेसवर बोललं तर पल्ला थोडा, आणि ऐकणारे सगळे. नलूच्या पेट्या बोटीबोटीवर बसवायच्या. एका पेटीने निरोप जवळच्या पेटीला द्यायचा, तिने पुढच्या, असं करत तो मच्छीमार सोसायटीच्या गच्चीवर यायचा. टॉवर नाही, मुकादम नाही. बोटी हलत्या, म्हणून वाटही दर वेळी वेगळी. कॉलेजात याला अॅड हॉक नेटवर्क म्हणतात म्हणे.

मी म्हटलं, "संपात आम्ही दुसरं काय केलं? चाळीतून चाळीत, नळावरून गिरणीच्या गेटावर."

ती म्हणाली, "आणि कोणी खोटा निरोप घातला तर?"

मी पेटीचं झाकण लावलं.

११ नोव्हेंबर

तो प्रश्न डोक्यातून जात नाही. लिहूनच टाकते.

संपाचं दुसरं वर्ष. घरात भाकरीबरोबर मीठ-मिरची. एका संध्याकाळी चाळीत बातमी आली — तडजोड झाली, उद्या गेट उघडणार, पास घेऊन या. ह्यांनी ठेवणीतला सदरा काढला. आमचे हे, गणपत, म्हणजे सरळ माणूस, कान हलके नव्हते त्यांचे. पण तीनचार जणांच्या तोंडून एकच बातमी आली की माणूस मानतोच. सकाळी जाऊन उभे राहिले. तडजोड कसली नि काय! गेटाशी हे आणि असेच फसलेले थोडे, रस्त्यापलीकडे आपलीच माणसं बघत उभी. त्या दिवसापासून नावाला 'फितूर' चिकटलं. कोणी तोंडावर म्हणायचं नाही. पण गणपतीच्या आरतीला ह्यांच्या हातात झांज यायची बंद झाली.

मग हे शोधायला निघाले. "तुला कोणी सांगितलं?" त्याने नाव सांगितलं की त्याच्या घरी. मग पुढच्या. परळ, लालबाग, करी रोड. तिथे एका पानवाल्यापाशी धागा तुटला. पहिलं तोंड सापडलं नाही ते नाहीच. शेवटच्या आजारातही मला म्हणाले, "आनंदी, मालकांचा माणूस असेल ना गं? आपला नसेल ना?"

आज नलूला एवढंच सांगितलं — तुझ्या निरोपाबरोबर तो कोणाकोणाच्या हातून आला, तेही आलं पाहिजे.

तिने मान हलवली. "करते आजी."

२० नोव्हेंबर, रविवार

सोसायटीच्या खोलीत बैठक. मलाही नेलं, 'पेटी बनवणारी आजी' म्हणून! सगळे तांडेल, म्हणजे बोटींचे कप्तान, हजर. नलूने छान समजावलं. घरचा निरोप कुलपातला — कितीही बोटींतून गेला तरी ज्याच्या नावाचा त्याच्याच फोनवर उघडणार. संकटाचं बटण वेगळं, लाल. तो निरोप सगळ्यांना उघडा. दोन्हींवर पाठवणाऱ्याच्या पेटीचा शिक्का. म्हणजे दुसऱ्याच्या नावाने कोणी पाठवू शकत नाही आणि वाटेत कोणी अक्षर बदलू शकत नाही.

जगन उठला. लहूच्या शेजारचं घर, शेजारची बोट, आणि जन्माची चढाओढ. "माझा निरोप लहूच्या पेटीतून जानार नि लहू वाचनार नाय? मावशी, तुमचा जावय माझ्या ताटातला बोंबील पन सोडत नाय, निरोप सोडंल?"

लहू बसल्या जागेवरून, "तुझ्या ताटात बोंबीलच असतो. म्हनून तर निरोप वाचायचाय, बाकीचं मावरं कुठं जातं ते बघायला!"

खोली हसली. मग नलू म्हणाली की बोट कुठे आहे ते पेटीला आपोआप कळेल आणि निरोपात जाईल. 

पहिला विरोध तिच्या बापाचाच! "झालं मग! पेटी कशाला, मावऱ्याच्या जागेवर झेंडाच लावा."

आता मला त्यांची रीत कळली. दर्यावर मावऱ्याची, म्हणजे मासळीची, जागा खरी सांगायचीच नाही. वायरलेसवर सगळे सगळ्यांना फसवतात आणि त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. जगन तर अभिमानाने सांगतो, "लहू मुरूड बोलला का मी वसईला जातो. एवढी वर्सं झाली, तोटा नाय!"

"नि हा वसई बोलला का मी मुरूडला जातो," लहू म्हणाला.

एकच पोरगा उभा राहिला — उत्तम. वस्तीतल्या गुणवंतीचा मुलगा. बाप गेल्यावर यंदाच बोट हातात घेतली आहे. "मी घेतो पेटी. जागेसकट. नलूचा शिक्का हाय म्हंजे खरंच आसंल ना? वायरलेसवर कोन खरं बोलतो नि कोन खोटं, ते वळखायला तुमच्यासारखी डोकी पिकली नाय माझी."

"पिकंल, पिकंल," जगन म्हणाला. "डिझेल जळलं दोनचारदा का पिकंल."

२२ नोव्हेंबर

नलू रडकुंडीला आलेली. तांडेलांनी अट घातली — जागा हाताने लिहायची सोय द्या, तरच पेटी घेऊ.

"आजी, शिक्का एवढंच सांगेल की निरोप बाबांचा आहे आणि वाटेत कोणी हात लावला नाही. बाबा खरं लिहितायत की नाही, ते शिक्का कसं सांगेल?"

मी म्हटलं, "मावऱ्याच्या जागेसाठी थापा मारतील गं. जिवावर बेतल्यावर कोण खोटं लिहील? आधी घेऊ तर देत."

 मग तिने लॅपटॉप ओढला आणि सोय करून दिली.

४ डिसेंबर, रविवार

पेट्या बसल्या. नारळ फुटले. गुणवंतीने उत्तमच्या पेटीला हळदकुंकू लावताना कुंकू बटणाच्या फटीत सांडलं! नलू ओरडली, "मावशी, पाणी नको, बस झालं!" गुणवंती म्हणते कशी — "पोराच्या जिवाची राखन करनार ना ती? मग तिला नको पूजा?"

१५ डिसेंबर

गुणवंतीच्या फोनवर उत्तमचा निरोप आला. तिला अक्षर येत नाही, मी मालनकडे आले होते म्हणून माझ्याकडे धावली. वाचून दाखवला — "आये, सुरमय बरी गावली. शनवारी येतो. गोळ्या घे."

तिने परत वाचायला लावला. मग आणखी एकदा. "बोटीवर गेला का ह्याचा बाप मला मेल्यासारखा वाटायचा," म्हणाली. "आला का जिता व्हायचा. जलम असाच गेला. आता बघ गो, मधल्या दर्यातून पोर माझ्या गोळ्या इचारतोय!"

आमचा करारच झाला — उत्तमचा निरोप आला की मी वाचायचा. मी लालबागेत असले तर वाचता न येता ती मला फोनवर निरोप सांगणार कशी, ते विचारलं. "तुमी हिकडंच राहा ना," म्हणाली!

१९ डिसेंबर

तीन दिवस काहीच येत नव्हतं. आज कळलं, जगनने बॅटरी वाचवायला पेटी बंद ठेवली होती. त्याची बोट मधोमध, म्हणून पलीकडच्यांचे निरोप अडकले. नलूने जाब विचारला तर म्हणे, "दुसऱ्यांची ओझी मी का वाहू?"

गुणवंतीने धक्क्यावर पाटी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर, "जगन्या, तुझ्या लग्नाचं पानी कोनी वाहिलं होतं रे? तवा नाय बोललास दुसऱ्यांची ओझी?"

पेटी चालू झाली.

२ जानेवारी २०१२

थंडी. बोटं आखडतात. पेट्या व्यवस्थित. लहू, जगन, उत्तम सगळे बाहेर गेले.

९ जानेवारी, सोमवार

उत्तरेचा वारा सुटला आहे. मालनने बोलावून घेतलं, तिच्याकडे आले. वाळत घातलेले बोंबील सोडून आणले आम्ही, ते ज्या वलांडीवर टांगतात तिचे बांबू वाकत होते.  मालन घासलेली भांडी पुन्हा घासते.

१० जानेवारी, मंगळवार

सकाळी गच्चीवरची पेटी वाजली. लाल निरोप. लहूचा.

"पंख्यात जाळं आडकलं. मशीन बंद. पानी आत येतंय. मुरूडच्या बाहेर. या."

त्याची वायरलेसची काठी मोडली असणार, नाहीतर आवाज दिला असता.  नलूने निरोप पुन्हा उघडून तपासला. "शिक्का बाबांचाच आहे," एवढंच म्हणाली. सोसायटीने सरकारी बोटीलाही मुरूडच कळवलं. दर्यावरून पोच यायला लागली. तीन बोटी मुरूडकडे वळल्या. सगळ्यांत आधी उत्तम — "निघालो. लहूकाकाला सांगा धीर धर."

गुणवंती आली. मी तिला ते वाचून दाखवलं. मालनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आनतो बघ माझा पोर तुझ्या घोवाला."

दुपारी जरा भान आलं. बसल्या बसल्या मला ह्यांचं ते दारोदार विचारणं आठवलं. नलूला म्हटलं, "हा निरोप कोणाच्या हातून आला?"

तिने बघितलं. लहूच्या पेटीने पहिल्यांदा तो दिला जगनच्या पेटीला. थेट. मधे कोणी नाही.

"आणि जगन कुठे आहे?"

जगनची बायको पायरीवरच बसली होती. आधी सांगेना. मग हळूच, मालनकडे बघत — "वसईच्या बाजूला. कोनाला बोलू नका."

पेटीचा पल्ला किती, तो नलूला माहीत. वसईच्या बाजूला असलेल्या जगनला थेट निरोप द्यायचा तर लहू त्याच्या जवळपासच हवा. मुरूड कुठल्या कुठे!

पोरीचा चेहरा मी कधी विसरायची नाही. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "आजी, बाबांनी खोटं लिहिलंय."

लगेच सोसायटीच्या शिक्क्याने निरोप सोडला — लहू वसईच्या बाजूला, मुरूडहून मागे फिरा. सरकारी बोटीलाही सांगितलं. दोन बोटींची पोच आली. उत्तमची नाही. त्याच्या आणि बाकीच्यांच्या मधे आता एकही पेटी नाही, म्हणून निरोपाला वाट नाही, असं नलू म्हणाली. त्याचा फोनही लागत नाही. ती पाठवतच राहिली आहे.

११ जानेवारी

वारा तसाच. काही नाही.

मालन म्हणाली, "आई, हा माणूस मला पण जागा कधी खरी सांगत नाही गं. मी कधी विचारलं पण नाही."

१२ जानेवारी, गुरुवार

आला! जगनच्या बोटीने लहूची बोट ओढत आणली. खलाशी सगळे जिवंत. लहूचे दोन्ही पंजे दोराने सोललेले, ओठ निळे, उभं राहवत नव्हतं. मालनने त्याला आधी छातीवर गुद्दे घातले, मग मिठी. धक्काभर माणसं रडत होती. मीसुद्धा.

जगनला लोकांनी उचलून घेतलं. तो म्हणत होता, "सोडा रे, पडंल! माझी पाठ गेलीय!"

१३ जानेवारी

आज लहू बोलला. खाटेवर पडलेला, हात पट्ट्यांत. नलू दाराशी उभी होती, आत यायला तयार नाही. तिने तिथूनच विचारलं, "बाबा, मुरूड का लिहिलंत?"

लहूने जगनकडे बघितलं. जगन चहा पीत बसला होता.

"आदल्या रातीला ह्याचा दिवा दिसला होता. जवळ हाच येकटा. नि ह्याला मी वसई लिवलं आसतं तर हा तडक मुरूडला सुटला आसता."

जगनने बशी खाली ठेवली. "खरं हाय. निरोप बघितला तवा पयला इचार हाच — लहू मुरूड बोलतोय म्हंजे हिकडंच हाय. वसई लिवतास तर मी नसतो गावलो तुला."

एवढ्या वर्षांच्या थापांनी त्याला वाचवलं! खोलीतले सगळे हसले. मालनसुद्धा डोळे पुसत हसली. लहू बिचारा हसताना कण्हत होता. मीही हसले, खोटं कशाला लिहू.

नलू नाही हसली. "निरोप सगळ्यांना गेला होता, बाबा," म्हणाली आणि गच्चीवर निघून गेली.

उत्तम अजून आलेला नाही. वाऱ्यामुळे मुरूडच्या खाडीत आसऱ्याला गेला असेल, असं सगळे म्हणतात. तिकडून आणखी बोटी यायच्या आहेत. सरकारी बोटही आता त्या बाजूला गेली आहे. गुणवंतीने मला विचारलं, काही आलं का. नाही म्हटलं. "आलं का वाचा हां," म्हणाली.

१४ जानेवारी

लहू काठी टेकत धक्क्यावर जाऊन बसला आहे. घरी ये म्हटलं तर ऐकत नाही. जगन त्याच्या शेजारी. 

१५ जानेवारी, रविवार. संक्रांत.

मुरूडहून एक बोट आली. वाऱ्यात खाडीत अडकून पडली होती; उत्तम तिथे आसऱ्याला आलाच नाही म्हणाले. तिच्या पेटीत बुधवारपासून उत्तमचा एक निरोप होता, कुलपातला. बोटीवरच्यांना आत काय आहे ते कळायची सोय नव्हती. लहूच्या नावाचा, म्हणून लहूच्याच फोनवर उघडला. लहूने वाचला आणि फोन माझ्या हातात दिला.

"काका, मुरूडला आलो. तुमी दिसत नाय. वारा लय हाय. बाकीचे मागं फिरले का काय, कोन दिसत नाय. तुमी लिवलंय म्हंजे हिकडंच आसाल. आनखी बाहेर जाऊन बघतो. भिऊ नका."

शिक्का त्याचाच. वाटेत कोणी हात लावलेला नाही.

गुणवंती दारात येऊन उभी आहे. विचारते आहे, पोराचा निरोप आला म्हणे, वाचा ना.

मी वाचणार आहे.